दाताचं माप: हातानं घेतलेलं की मशीननं?

 

आज आपण मापाबद्दल बोलणार आहोत. ब्लाऊजचं माप नाही, डेअरीतल्या दुधाचं माप नाही. आज विषय आहे दातांच्या मापाचा. तुम्ही म्हणाल, दात काय मोजायचे? बत्तीस असतात, झालं. पण मोजायची असते ती दातांची रुंदी. वेडेवाकडे दात तार लावून सरळ करायचे असतील तर सगळा हिशेब त्या रुंदीवर चालतो.

हा विषय घ्यायचं कारण आपल्या बैठकांमध्येच आहे. अंतर्गत कर्जाच्या मागण्या वाचताना आता बियाणं, शेळी, शाळेची फी यांच्या जोडीला आणखी एक कारण ऐकू येतं: "पोरीच्या दातांना तार लावायचीय." आणि त्याच्या मागोमाग प्रश्न येतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी प्लास्टरचे दात करून हातानं मोजले. शहरातल्या डॉक्टरांनी तोंडात कॅमेरा फिरवून कॉम्प्युटरवर मोजले. दोघांचे आकडे थोडे वेगळे आले. मग खरं कुणाचं? हातानं मोजणाऱ्यानं फसवलं का? जास्त पैसे गेले तरी चालतील, पण मशीनवाल्याकडेच जावं का?

उत्तर आधीच सांगतो आणि मग ते का, ते बघू. नीट घेतलेलं माप हातानं घेतलेलं असो की मशीननं, दोन्हींवर उपचार ठरवता येतो. दोघांतला फरक सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो. आपण घाबरायला हवं ते न मोजता घेतलेल्या निर्णयाला. कारण त्या निर्णयात कधी कधी मुलीचे चार चांगले दात काढायचे असतात, आणि काढलेला दात परत उगवत नाही.

आता मुळापासून बघू. एसटीच्या बाकावर तिघींची जागा असते. तिघी अंगानं बेताच्या असल्या तर सुखानं बसतात. त्याच बाकावर चौघी बसल्या तर एक पुढे सरकते, एक तिरकी होते, एकीचा खांदा दुसरीच्या मागे जातो. जबड्याचंही असंच आहे. जबडा म्हणजे बाक आणि दात म्हणजे बसणाऱ्या. दातांची एकूण रुंदी जागेपेक्षा जास्त झाली की दात एकमेकांवर चढतात, सुळा बाहेर फेकला जातो. जागा जास्त आणि दात लहान असले तर मध्ये फटी राहतात. म्हणून डॉक्टर दोन बेरजा करतात. एक, सगळ्या दातांना मिळून किती जागा लागेल. दोन, जबड्यावर प्रत्यक्ष किती जागा आहे. एकातून दुसरी वजा केली की कळतं, किती जागा कमी पडते.

शाळेच्या पट्टीवर एका सेंटिमीटरचे दहा भाग असतात, त्यातला एक भाग म्हणजे एक मिलिमीटर. वरचा समोरचा मोठा दात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद असतो. खालचा समोरचा दात पाच-साडेपाच मिलिमीटरचा असतो. कायमची पहिली दाढ दहा-अकरा मिलिमीटरची. माणसागणिक हे थोडं कमीजास्त होतं, आणि ते किती कमीजास्त आहे हेच मोजायचं असतं. एवढ्याशा वस्तूचं माप शिलाईच्या टेपनं घेता येणार नाही, हे तर उघडच आहे.

हातानं माप घ्यायची पद्धत अशी. डॉक्टर चमच्यासारख्या ट्रेमध्ये गारगार लगदा भरून तोंडात बसवतात. हा लगदा समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाचा असतो. काही मिनिटांत तो घट्ट होतो आणि त्यात दातांचा ठसा उमटतो. पोरांना त्या वेळी ओकारीसारखं होतं, पण इजा काही होत नाही. मग त्या ठशात प्लास्टर ओततात. ते सुकलं की हातात येतं दातांचं हुबेहूब मॉडेल. त्या मॉडेलवर व्हर्नियर कॅलिपर लावून एकेक दात मोजतात. व्हर्नियर म्हणजे चिमट्यासारखी दोन टोकं असलेली मोजपट्टी. लेथ मशीनवर काम करणाऱ्यांकडे तुम्ही ती पाहिली असेल. पियरे व्हर्नियर नावाच्या फ्रेंच माणसानं १६३१ साली ही बारीक रेघांची युक्ती मांडली. तिच्यामुळे मिलिमीटरचाही दहावा भाग वाचता येतो. दाताची शेजारच्या दाताला टेकणारी दोन ठिकाणं असतात, तिथे कॅलिपरची टोकं धरायची आणि आकडा लिहायचा. जागेची लांबी मोजायला मऊ तार जबड्याच्या कमानीवर वळवतात, मग ती सरळ करून पट्टीवर धरतात.

काही दवाखान्यांत कॅलिपरलाच छोटा पडदा असतो आणि त्यावर आकडे उमटतात. त्यालाही डिजिटल म्हणतात. पण मोजणारा हात तोच आणि मॉडेलही तेच. फक्त रेघा वाचायचे कष्ट वाचतात.

पूर्ण डिजिटल पद्धत वेगळी. त्यात हातात धरायची एक कांडी असते, तिच्या टोकाला उजेड आणि कॅमेरा. ती दातांवरून फिरवली की भराभर चित्रं घेतली जातात आणि कॉम्प्युटर ती जोडून पडद्यावर दातांची प्रतिमा उभी करतो. ती सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येते. कुणी आधी प्लास्टरचं मॉडेल करून त्याचंच स्कॅन करतात. मग डॉक्टर माऊसनं दाताच्या एका कडेला आणि दुसऱ्या कडेला खूण करतात आणि मधलं अंतर कॉम्प्युटर सांगतो. बेरीज-वजाबाकीही तोच करतो.

म्हणजे बघा, डिजिटल पद्धतीतही कड कुठे धरायची हे माणूसच ठरवतो. काही प्रोग्रॅम आपोआप खुणा करतात, पण त्या बरोबर आहेत का हे डॉक्टरांना तपासावंच लागतं. डेअरीतला इलेक्ट्रॉनिक काटा कितीही नवा असला तरी किटली ठेवण्याआधी तो शून्यावर आहे का, हे आपण पाहतोच. इथेही तसंच.

चुका कुठे होतात ते दोन्हीकडचं पाहू.

हाताच्या पद्धतीत पहिली अडचण ठशाची. ठसा घेऊन तसाच ठेवला तर तो सुकून आकसतो आणि पाण्यात पडला तर फुगतो. म्हणून प्लास्टर लवकर ओतावं लागतं. दुसरी अडचण दाटीवाटीची. दात एकमेकांवर चढलेले असले की कॅलिपरची टोकं मध्ये शिरत नाहीत. तिसरी, प्लास्टर पुन्हा पुन्हा टोकरलं की झिजतं. चौथी, आकडा वाचताना आणि लिहिताना होणारी चूक.

मशीनच्या पद्धतीत पहिली अडचण लाळेची. ओल्या चकाकीमुळे चित्र बिघडतं. दुसरी, दोन दात घट्ट चिकटलेले असतील तर मधली कड कॅमेऱ्यालाही दिसत नाही, मग कॉम्प्युटर तिथे अंदाजानं भर घालतो. तिसरी अडचण जोडणीची. ती गोधडी शिवणाऱ्या बाईला लगेच कळेल. चिंध्यांचे तुकडे जोडताना प्रत्येक शिवणीत दोऱ्याएवढा फरक पडला तर पहिल्या तुकड्यांत काही दिसत नाही, पण गोधडीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती तिरकी होते. एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत चित्रं जोडताना असाच थोडा फरक साठू शकतो.

मग दोन्हींत फरक किती पडतो? यावर जगभर बरेच अभ्यास झाले आहेत. २०११ साली दंतशास्त्राच्या एका नियतकालिकात अशा अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. प्लास्टरवरची मापं आणि कॉम्प्युटरवरच्या मॉडेलची मापं यांत फरक पडतो, पण तो इतका लहान असतो की उपचार ठरवताना चालून जातो, असं त्यात निघालं.

हे आकड्यांत पाहू. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. हे उदाहरण समजण्यापुरतं आहे. समजा बारा-तेरा वर्षांची मुलगी आहे. तिच्या खालच्या जबड्यात दोन्हीकडच्या मोठ्या दाढांच्या मध्ये दहा दात आहेत. समोरचे चार मिळून २३ मिलिमीटर, दोन सुळे मिळून १४, चार उपदाढा मिळून २८. एकूण ६५ मिलिमीटर जागा हवी. जबड्यावर जागा आहे साडेसाठ. म्हणजे साडेचार मिलिमीटर कमी. आता तेच मशीननं मोजलं आणि दातांची बेरीज आली ६५.४, जागा आली ६०.६. म्हणजे ४.८ मिलिमीटर कमी. दोन आकड्यांत फरक ०.३ मिलिमीटर. दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं एकच आहे: जागा साडेचार-पाच मिलिमीटर कमी पडते. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. एका दाताच्या मापातली चूक दहाव्या भागाएवढी असली तरी बेरीज अनेक दातांची असते. बारा दात मोजताना प्रत्येक वेळी ०.१ मिलिमीटर जास्तच मोजलं गेलं, तर शेवटी १.२ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून चांगले डॉक्टर काय करतात, तर दोनदा मोजतात आणि दोन्ही आकडे जुळतात का पाहतात. माप विश्वासाचं होतं ते या दोनदा मोजण्यानं. पैसे मोजताना आपण गटात तेच करतो ना? एकीनं मोजलं तरी दुसरी पुन्हा मोजते, आणि त्यात कुणाला राग येत नाही.

मापाचा दुसरा उपयोग वरच्या आणि खालच्या दातांचा मेळ पाहण्यासाठी होतो. पातेलं आणि झाकण आठवा. वरची कमान झाकणासारखी, ती खालच्या कमानीपेक्षा थोडी मोठी असावी लागते. अमेरिकेतले वेन बोल्टन नावाचे दंतवैद्य होते. उत्तम मिळालेल्या दातांचे ५५ नमुने मोजून त्यांनी १९५८ साली एक प्रमाण मांडलं. खालच्या समोरच्या सहा दातांची बेरीज ही वरच्या सहा दातांच्या बेरजेच्या साधारण ७७ टक्के असली की दोन्ही ओळी नीट बसतात. बाराही दात धरले तर हे प्रमाण साधारण ९१ टक्के. वरच्या सहांची बेरीज ४८ आणि खालच्यांची ३७ असेल तर मेळ बसला. पण वरचे दोन दात जन्मतःच बारीक असले आणि बेरीज ४५ च आली, तर तार लावून दात सरळ होतील, पण वर फट राहील किंवा खाली दाटी राहील. हे आधी मोजलं तरच आधी कळतं. नाहीतर दीड-दोन वर्षांनी तार काढताना आई विचारते, "एवढे पैसे घालून ही फट कशी राहिली?"

तिसरा उपयोग लहान मुलांसाठी. सात-आठ वर्षांच्या मुलाचे समोरचे दात आलेले असतात, पण सुळे आणि उपदाढा अजून हिरडीत असतात. न दिसणारे दात कसे मोजायचे? त्यासाठी १९७४ सालचं तनाका आणि जॉन्स्टन यांचं एक सूत्र आहे. खालच्या समोरच्या चार दातांची बेरीज घ्यायची, ती निम्मी करायची, आणि खालच्या जबड्यासाठी त्यात साडेदहा, वरच्यासाठी अकरा मिळवायचे. बेरीज २३ असेल तर निम्मे साडेअकरा, अधिक साडेदहा, म्हणजे २२. खाली एका बाजूला येणाऱ्या तीन दातांना इतके मिलिमीटर जागा लागेल असा अंदाज. हे सूत्र अमेरिकेतल्या क्लीव्हलँड भागातल्या ५०६ मुलांच्या मापांवरून काढलेलं आहे. आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला ते तंतोतंत लागू पडेल असं नाही, म्हणून डॉक्टर ते अंदाज म्हणूनच वापरतात. कॉम्प्युटरमध्येही बऱ्याचदा हेच सूत्र घातलेलं असतं. तेव्हा पडद्यावर ठळक आकडा आला म्हणून तो अंदाज पक्का होत नाही.

मग मशीनचा फायदा काहीच नाही का? आहे की. ओकारी येणारा लगदा लागत नाही. प्लास्टर फुटायची, हरवायची भीती नाही. मॉडेल ठेवायला कपाटं लागत नाहीत. तालुक्यातला डॉक्टर मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाला तेच स्कॅन पाठवून सल्ला विचारू शकतो. आणि आईला मुलीचे दात पडद्यावर मोठे करून दाखवता येतात. पण ते यंत्र लाखांच्या घरात जातं आणि ते पैसे कुठून तरी वसूल व्हायचेच. कॅलिपर आणि प्लास्टर स्वस्त आहे, आणि वीज गेली तरी चालतं. दोन्हींची आपापली जागा आहे.

मापासाठी चालत नाहीत अशा दोन गोष्टी मात्र सांगतो. एक, मोबाईलवर काढलेला दातांचा फोटो. फोटो जवळून काढला की दात मोठे, लांबून काढला की लहान. फोटो पाहून दात वाकडे आहेत इतकं कळेल, मिलिमीटर कळणार नाहीत. दोन, पूर्ण जबड्याचा एकच मोठा एक्स-रे. तो फार उपयोगी असतो, हिरडीत कोणते दात आहेत ते त्यात दिसतं. पण त्यात दात मुळातल्यापेक्षा मोठे दिसतात आणि सगळे सारखे मोठे होत नाहीत. त्यामुळे नुसता असा फोटो किंवा एक्स-रे पाहून कुणी "चार दात काढा" म्हणालं, तर थांबा आणि विचारा.

काय विचारायचं? पाच प्रश्न आहेत. ते विचारायला इंग्रजी यावं लागत नाही.

पहिला प्रश्न: "डॉक्टर, दात मोजले का? कशावर मोजले?" प्लास्टरवर म्हणाले तरी ठीक, स्कॅनवर म्हणाले तरी ठीक.

दुसरा: "वर किती जागा कमी आहे, खाली किती? मिलिमीटरमध्ये लिहून द्याल का?" आकडा कागदावर आला की दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणं सोपं जातं.

तिसरा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा: "दात काढले तर किती जागा मिळेल, आणि ती सगळी कशी वापरणार?" एक उपदाढ साधारण सात मिलिमीटरची. खाली दोन काढल्या तर चौदा मिलिमीटर जागा होते. आपल्या उदाहरणात कमी होती साडेचार. मग उरलेली साडेनऊ कशासाठी? दात फार पुढे आले असतील, ओठ मिटत नसतील, तर समोरचे दात मागे घ्यायला ती जागा लागते. ते कारण बरोबर आहे. पण तसं नसेल तर दुसरा मार्ग आहे का, हे विचारायलाच हवं. कमी जागेसाठी दातांच्या मधल्या कडा अगदी थोड्या घासणं किंवा कमान थोडी रुंद करणं असे मार्ग काही जणांना चालतात. याचा निर्णय नुसत्या मापावर होत नाही. चेहऱ्याची ठेवण, वय, हिरड्यांची तब्येत, चेहऱ्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे, सगळं बघून डॉक्टर ठरवतात. आपण फक्त कारण समजून घ्यायचं.

चौथा: "मॉडेल किंवा स्कॅन जपून ठेवणार ना? गाव बदललं तर आम्हाला मिळेल का?"

पाचवा: "एकूण खर्च किती, हप्ते कसे, किती महिने लागतील, आणि तार काढल्यावर दात जागेवर ठेवायची पट्टी त्यातच धरली आहे का?" ही पट्टी वापरली नाही तर दात परत सरकतात.

हे प्रश्न विचारल्यावर चांगले डॉक्टर चिडत नाहीत. उलट त्यांनाही बरं वाटतं. आणि बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेल्या डॉक्टरांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. तार लावणं हे त्यांचं खास शिक्षण, तेही एकदा विचारून घ्यावं.

खर्चाचं म्हणाल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकाऊ डॉक्टर आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खाजगीपेक्षा खर्च कमी येतो. पण दात हळूच सरकतो, साधारण महिन्याला एक मिलिमीटर. म्हणून दीड-दोन वर्षं, दर महिन्याला नाहीतर दीड महिन्याला फेरी असते. एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी हाही खर्च धरा. लांबच्या मशीनवाल्या दवाखान्यापेक्षा जवळचा, नीट मोजणारा डॉक्टर कधी कधी जास्त परवडतो. आणि मुलीचं लग्न ठरतंय म्हणून सहा महिन्यांत दात सरळ करून द्या, अशी घाई डॉक्टरांना करू नका. हाड आपल्या गतीनंच बदलतं.

दुधाचे दात "पडायचेच आहेत" म्हणून किडू देऊ नका. दुधाची दाढ खाली येणाऱ्या दातासाठी जागा राखून बसलेली असते. ती वेळेआधी काढावी लागली की मागची दाढ पुढे सरकते आणि बाकावरची जागा जाते. सात वर्षांच्या आसपास एकदा मुलाचे दात दाखवून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं तेव्हा दातांचीही तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी राहणार नाही एवढं बघा.

आणि गटांसाठी एक सूचना. तारेसाठी कर्जाची मागणी आली तर मशीन कोणतं, दवाखाना किती मोठा, यावर चर्चा नको. मुलीच्या दिसण्यावर तर नकोच नको. त्या ताईला या पाच प्रश्नांचा कागद द्या, हवं तर तिच्यासोबत एकीनं दवाखान्यात जा. उत्तरं लिहून आली की कर्ज किती लागेल, हप्ता किती झेपेल, हे तिचं तिलाच नीट मांडता येईल.

आजच्या बोलण्यावर काही विचारायचं असेल तर आपल्या गटाच्या सचिवाकडे लिहून द्या. पुढच्या भागात त्याची उत्तरं घेऊ. नमस्कार.